वारावर जेवलेली मुलं, आश्रित आणि संगोपन : बडोद्याच्या वाड्यांची एक बाजू

पोस्ट लांब आहे, चहा घेऊन सवडीने वाचा.

आपल्या बडोदेकर मराठी घरांच्या आठवणी निघाल्या की एक वाक्य हमखास येतं: "आमच्या आजोबांकडे दोन-तीन परकी पोरं कायम जेवायला असायची." दांडिया बाजार असो, रावपुरा असो की मांडवीकडचा एखादा वाडा, हे वाक्य नाही असं घर विरळाच. अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट आहे. पण मी या शहरात मुलांच्या कामात तीस वर्षं काढली. घरं बघायची, मुलांशी बोलायचं, अहवाल लिहायचे, हेच काम. त्यामुळे हे वाक्य ऐकलं की मनात पुढचा प्रश्न येतो. त्या पोरांचं त्या घरांत कसं चाललंय, हे कुणी बघत होतं का?

आज त्याच प्रश्नाचा इतिहास सांगते.

आधी शब्द वेगळे करू, कारण बोलताना आपण सगळी सरमिसळ करतो. वार म्हणजे आठवड्याचे सात दिवस सात घरी जेवण, शिकणाऱ्या गरीब मुलासाठी. माधुकरी म्हणजे दारोदार मागून आणलेलं शिजवलेलं अन्न. आश्रित म्हणजे घरातच राहणारा, बहुधा लांबच्या नात्यातला, शिकत शिकत कामाला हात लावणारा. दत्तक म्हणजे नाव, घराणं, वारसा सगळंच बदलणं. आणि ज्याला कायद्यात फॉस्टर केअर म्हणतात, मराठीत आपण संगोपन म्हणू, ते या सगळ्यांहून वेगळं. मूल दुसऱ्या कुटुंबात राहतं, पण त्याचं आडनाव बदलत नाही, आईबाप असतील तर त्यांच्याशी नातं तुटत नाही, त्या घराच्या इस्टेटीत त्याचा वाटा येत नाही. आणि मुख्य म्हणजे, ते घर त्या मुलाला मानवतंय का हे बघण्याची जबाबदारी घराबाहेरच्या कुणावर तरी असते. हा शेवटचा भाग आपल्या जुन्या चालीरीतींत नव्हता.

बडोद्यात दत्तक म्हटलं की पहिली आठवण १८७५ सालची. खंडेराव महाराज १८७० मध्ये गेले. मागून गादीवर आलेल्या मल्हाररावांना इंग्रजांनी १८७५ मध्ये पदच्युत केलं आणि महाराणी जमनाबाईंना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याहून मुलं आणली गेली. "इथे कशाला आलात?" असं विचारल्यावर बारा वर्षांचा गोपाळराव "राज्य करायला" म्हणाला, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. २७ मे १८७५ रोजी दत्तकविधान झालं आणि गोपाळरावाचे सयाजीराव झाले.

त्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हतं म्हणतात. पुढची सहा वर्षं त्याच्यासाठी जी आखणी झाली ती बघण्यासारखी आहे. एलियटसाहेबांना शिक्षक नेमलं. दिवसाचं वेळापत्रक, भाषा, गणित, व्यायाम, सगळं ठरवून. शेवटी दिवाण सर टी. माधवराव यांनी राज्यकारभारावर व्याख्यानं दिली आणि २८ डिसेंबर १८८१ रोजी पूर्ण अधिकार सोपवले गेले. एका मुलाच्या वाढीचा इतका पद्धतशीर विचार त्या काळात क्वचितच झाला असेल.

पण एक गोष्ट ध्यानात घ्या. तिथे परीक्षा मुलाची झाली. हा मुलगा गादीला शोभेल का, हा प्रश्न होता. ही गादी, हा राजवाडा, आईपासूनची ही ताटातूट या मुलाला मानवेल का, हा प्रश्न कुणी विचारला नसावा. जुन्या दत्तकाचा सगळा रोख तसाच असायचा: घराला मूल हवं. संगोपनात तो उलटा होतो. मुलाला घर हवं, म्हणून परीक्षा घराची.

आता राजवाड्यातून वाड्यात येऊ. माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात एक म्हातारे गृहस्थ यायचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. वडील लवकर गेले, आई कोकणात माहेरी, आणि हे शिकायला बडोद्याला. सात वार सात घरी. नंतर चांगल्या नोकरीत होते, घर बांधलं, पण सणाला त्या सातांपैकी जी घरं उरली होती त्यांच्याकडे नमस्काराला जायचे. उपकार कधी विसरले नाहीत. सोमवारच्या घरी गरम पोळी मिळायची, गुरुवारच्या घरी मागच्या पडवीत बसायला लागायचं, शनिवारी त्या घरचे उपास म्हणून त्यांनाही उपास, असं हसत सांगायचे. एकदा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "तापाने फणफणलो होतो. सात घरं होती गं, पण कुणाला सांगायचं ते कळेना. मंगळवार होता. मंगळवारच्या घरी जेवायचा हक्क होता, आजारी पडायचा नव्हता."

मी पुढे समाजकार्य शिकले, पुस्तकं वाचली, पण या कामातली मूळ अडचण अण्णांनी एका वाक्यात सांगितली होती. अन्न सात घरांचं होतं, मूल कुणाचंच नव्हतं.

आश्रितांचं अजून नाजूक. घरच्या मुलांबरोबर शाळेत जाणारे, पण सकाळी उठून विहिरीचं पाणी भरणारे, दुकानातून सामान आणणारे, पंगतीत शेवटी बसणारे. सगळीकडे तसंच होतं असं नाही. पोटच्या मुलापेक्षा जास्त जपलेले आश्रितही या शहराने पाहिले आहेत. पण चांगलं घर मिळणं की वाईट, हे नशिबावर होतं. मुलींच्या वाट्याला तर वारही नव्हता. पोरकी मुलगी नातेवाइकांकडे स्वयंपाकघरात जायची, नाहीतर लवकर लग्न.

आणि जात. वार लावून जेवणं ही त्या त्या जातीतलीच सोय होती. दलित मुलाला आपल्या वाड्यांत वार नव्हता. सयाजीरावांनी अंत्यज म्हटल्या जाणाऱ्या मुलांसाठी शाळा आणि वसतिगृहं काढली, १८९३ मध्ये अमरेलीत आणि १९०६ पासून सगळ्या संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आणलं. बाबासाहेब आंबेडकरांना १९१३ मध्ये परदेशी शिकायला शिष्यवृत्ती दिली ती याच संस्थानाने. आणि तेच बाबासाहेब १९१७ मध्ये नोकरीसाठी इथे आले तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही. परक्या पोरांना जेवू घालणारं शहर आणि त्यांना छप्पर नाकारणारं शहर एकच होतं. आपण आठवणी लिहिताना दोन्ही लिहायला हवं.

घरांत जे भागत नव्हतं त्यासाठी संस्था उभ्या राहिल्या. जोतिबा आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ मध्ये पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, आणि पुढे एका ब्राह्मण विधवेचा मुलगा, यशवंत, स्वतः दत्तक घेतला. १८७५ मध्ये पंढरपुरात तसंच गृह सुरू करण्यात पुढाकार होता लालशंकर उमियाशंकर या गुजराती न्यायाधीशांचा. तिथून गुजरातेत परतल्यावर त्यांनी अहमदाबादला १८९२ मध्ये अनाथाश्रम काढला, तोच महीपतराम रूपराम आश्रम. म्हणजे पंढरपूरचा अनुभव एका गुजराती माणसाने साबरमतीकाठी नेला. उलट दिशेनेही वाट होतीच. १९०० सालच्या दुष्काळात, ज्याला गुजरातेत आजही छप्पनियो म्हणतात, पंडिता रमाबाईंनी इथल्या अनेक उपाशी मुली केडगावला नेल्या.

या संस्थांनी हजारो जीव वाचवले. पण अनाथाश्रमाला स्वतःची मर्यादा असते. मोठ्या हॉलमध्ये पन्नास खाटा असल्या की कुणाला अंधाराची भीती वाटते आणि कुणाला दूध पचत नाही, ते लक्षात ठेवणारं एकच माणूस मुलाला मिळत नाही. म्हणून पुन्हा कुटुंबाकडे वळायचं. मात्र आता डोळे उघडे ठेवून.

कायद्यात याची सुरुवात मुंबई इलाख्यात १९२४ च्या बाल अधिनियमाने झाली. तीन वर्षांनी, १९२७ मध्ये, मुंबईत चिल्ड्रेन्स एड सोसायटी निघाली. बडोदा संस्थान १९४९ मध्ये मुंबई राज्यात विलीन झालं आणि १९४८ चा नवा मुंबई बाल अधिनियम आपल्यापर्यंत आला. १९६० मध्ये राज्यं वेगळी झाली तरी गुजरात आणि महाराष्ट्र दोघांच्याही वाट्याला तोच वारसा आला. या कायद्यांत एक शब्द होता, "योग्य व्यक्ती". न्यायालय मुलाला संस्थेऐवजी योग्य व्यक्तीच्या हवाली करू शकत असे. पण योग्य म्हणजे कोण? हे ठरवायला कुणीतरी घरी जाऊन बघायला लागतं. बडोद्याचं विद्यापीठ १९४९ चं, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू. समाजकार्याचं आणि बालविकासाचं शिक्षण इथे रुजलं ते त्याच काळात. आमच्यासारख्या कित्येकींनी घर कसं बघायचं हे तिथेच शिकलं.

नुसतं घर देऊन भागत नाही याचा धडा इंग्लंडने फार मोठी किंमत देऊन घेतला. डेनिस ओ'नील हा वेल्समधल्या न्यूपोर्टचा मुलगा. त्याला आणि त्याच्या धाकट्या भावाला १९४४ मध्ये सरकारी व्यवस्थेने श्रॉपशायरमधल्या एका शेतावर ठेवलं. ठेवण्याआधी त्या घराची नीट चौकशी झाली नव्हती. दोन वेगळ्या भागांच्या कचेऱ्या, देखरेख कुणी करायची यात घोळ. डिसेंबरात एक कर्मचारी भेट देऊन गेली आणि मुलांना तिथून हलवा असं तिने सांगितलंही. जेमतेम तीन आठवड्यांनी, ९ जानेवारी १९४५ रोजी, उपासमार आणि मारहाणीने डेनिस गेला. बारा वर्षांचा होता. देश हादरला, चौकशी बसली, १९४६ मध्ये कर्टिस समितीचा अहवाल आला आणि १९४८ मध्ये तिथे बालकांसाठी नवा कायदा झाला. अगाथा ख्रिस्तीचं "माऊसट्रॅप" नाटक ज्या घटनेवरून सुचलं ती हीच.

या घटनेत मला सगळ्यात टोचतं ते हे की अहवाल होता. कुणीतरी पाहिलं होतं, लिहिलं होतं. पण लिहिलेलं वाचून वेळेत उठणारं माणूस नव्हतं. पाहणी आणि कृती यांच्यामध्ये एक मूल गेलं.

आपल्याकडे आता २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. प्रत्येक जिल्ह्यात बालकल्याण समिती, एक अध्यक्ष आणि चार सदस्य. सोबत जिल्हा बाल संरक्षण कक्ष. मूल संगोपनात द्यायचं तर कुटुंबाची गृहपाहणी होते, मुलाचा वेगळा अहवाल होतो, मुलाचं म्हणणं विचारलं जातं, भावंडं शक्यतो एकत्र ठेवतात. आणि प्रत्येक मुलासाठी वैयक्तिक संगोपन आराखडा करायचा असतो. त्यात प्रकृती आणि आहार, मनाची अवस्था, शिक्षण, खेळ आणि आवडीनिवडी, जिव्हाळ्याची नाती, छळापासून संरक्षण, पुढे स्वतःच्या पायावर उभं राहण्याची तयारी, असे सगळे रकाने असतात. कागद एकदा भरून कपाटात ठेवायचा नसतो. ठरावीक काळाने पुन्हा बघायचा, मूल बदललं तर आराखडाही बदलायचा. केंद्राने २०२४ मध्ये संगोपनाची मार्गदर्शक तत्त्वं सुधारली, त्यात एकट्या राहणाऱ्या व्यक्तींनाही वाट खुली झाली.

घरी जाऊन मी काय बघायची, असं लोक विचारतात. फरशी किती चकचकीत आहे ते नाही. मुलाचं दप्तर कुठे ठेवलंय ते बघायची. स्वतःचा कप्पा आहे की पिशवी दाराशीच टांगलेली आहे? फ्रीज उघडायला मूल परवानगी मागतं का? पाहुण्यांपुढे त्याची ओळख "ही आमची" अशी होते की "ही आमच्याकडे असते" अशी? आईचं नाव काढलं की घरातली माणसं गप्प होतात का? या बारीक गोष्टींतून जे कळतं ते उत्पन्नाच्या दाखल्यातून कळत नाही. आणि मुलाशी एकटीनेच बोलायचं, घरच्यांसमोर नाही. हा नियम मी कधी मोडला नाही.

आता घरचीच एक गोष्ट. २०२१ च्या एप्रिलमध्ये आमच्या नात्यातली दोन मुलं आठ दिवसांत पोरकी झाली. मुलगी तेरा वर्षांची, भाऊ सात. दिवस झाल्यावर वडीलधारी मंडळी बसली आणि अर्ध्या तासात वाटणी झाली: मुलगी मावशीकडे बडोद्याला, मुलगा काकांकडे सुरतेला. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. दोघांचाही भार एका घरावर नको, एवढाच विचार. मी म्हटलं, निर्णय उद्या घेऊ, आज वही काढू. डावीकडे प्रत्येक मुलाला काय लागतं ते लिहायचं, उजवीकडे ते कोण देणार. आणि मुलीलाच विचारलं.

ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "त्याला रात्री दम लागतो. पंप कुठे असतो, किती वेळा द्यायचा, ते आईला आणि मलाच माहीत आहे."

खोलीत शांतता झाली. काका स्वतःच म्हणाले, दोघं एकत्रच राहू देत, महिन्याचा खर्च मी पाठवतो. मुलं मावशीकडे गेली. समितीसमोर रीतसर नोंद केली, सरकारी मदतीची अरजी केली. पण गोष्ट तिथे संपली नाही. सहा महिन्यांनी मावशीची स्वतःची मुलगी चिडचिड करायला लागली, तिची खोली वाटली गेली होती ना. आणि ही मोठी, तेरा वर्षांची पोर, भावाची आईच होऊन बसली होती, मैत्रिणींकडे जाईना. पहिल्या वहीत हे दोन्ही नव्हतं. दर तीन महिन्यांनी बसायचं ठरलं होतं म्हणून ते वर आलं. पंपाची जबाबदारी मावशीच्या यजमानांनी घेतली, शनिवार संध्याकाळ मोठीची स्वतःची, आणि मावसबहिणीला तिचं टेबल परत. सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. भाऊ अजूनही कधीकधी "घरी कधी जायचं" विचारतो. पण कुणाकडे दुर्लक्ष होतंय ते कळायला वर्षं लागली नाहीत.

पैशाचंही बोलायला हवं, कारण आपल्या घरांत ते बोलायला लाज वाटते. "पोराला सांभाळायचे सरकारकडून पैसे घ्यायचे का?" घ्यायचे. तो मुलाचा हक्क आहे, तुमच्यावरचा उपकार नाही. गुजरातेत पालक माता-पिता योजनेत नातेवाइकांकडे राहणाऱ्या पोरक्या मुलाला महिना ३,००० रुपये मिळतात. आई-वडील दोघं नसलेलं मूल, किंवा वडील वारले आणि आईने पुन्हा लग्न केलं असं मूल यात बसतं, आणि मूल शाळेत जात असलं पाहिजे ही अट आहे. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे, आता सावित्रीबाईंच्या नावाने चालते. तिथे रक्कम कित्येक वर्षं ४२५ रुपये होती, मग १,१०० झाली आणि २०२३ पासून २,२५०. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये ४,००० रुपये आहेत. नातवंडं सांभाळणाऱ्या म्हाताऱ्या आजीच्या घरात या रकमेने काय फरक पडतो ते मी पाहिलंय. ट्यूशनची फी जाते, आजीचं बीपीचं औषध चुकत नाही, आणि मुलाला "माझ्यामुळे यांना ओढाताण होते" असं वाटणं थोडं कमी होतं.

तर मंडळी, दोन विनंत्या.

पहिली, इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगाव-हैदराबादपर्यंत तुमच्या घरांतही वारावरची मुलं आणि आश्रित असतीलच. त्यांच्याबद्दल लिहा. किती जणांना जेवू घातलं एवढंच नको, ते कुठे झोपत, आजारी पडल्यावर कोण बघे, पुढे काय झालं, मुली असतील तर त्यांचं काय झालं, तेही लिहा. जे स्वतः आश्रित होते आणि आज ऐंशी-नव्वदीला आहेत त्यांना आत्ताच विचारा. नावं टाकायची गरज नाही.

दुसरी, आज तुमच्या नात्यात किंवा पोळीत, गल्लीत कुणी पोरकं मूल सांभाळत असेल तर त्यांना जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता द्या. मुलाच्या बाबतीत काही खटकलं तर १०९८ वर फोन करा, तो चोवीस तास चालू असतो. आणि त्या मुलाला भेटाल तेव्हा "किती नशीबवान आहेस, असे लोक मिळाले" हे वाक्य कृपा करून म्हणू नका. त्याने ते शंभरदा ऐकलेलं असतं. त्यापेक्षा झोप लागते का, शाळेत डबा कोण देतं, एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.